तीन आणि सहा

वायर दातांनी सोलायची नाही. आमच्या गावात सूत तोडायला सगळे दातच वापरतात, त्यामुळे हे दर बॅचला पहिल्याच दिवशी सांगावं लागायचं.

*

इचलकरंजीत शुक्रवारी माग बंद असतात. गावात चिमण्या आहेत हे त्या दिवशी कळतं.

*

कॉम्प्युटरला स्वतःलाच हाक मारता येते. उत्तर आलं की समजायचं, आपण जिवंत आहोत. मग दुसऱ्याला हाक मारायची.

*

समीनाच्या अब्बांची एकच अट होती. शीक, पुण्याला जायचं म्हणालीस तर तेही बघू, पण गावात तुझं नाव निघता कामा नये. चांगल्यासाठीसुद्धा नाही.

*

मागांच्या गावातली माणसं मोठ्याने बोलतात. पुण्यात पहिल्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, “घरी काही भांडण झालं का?” मी फोनवर आईला जेवलीस का एवढंच विचारलं होतं.

*

हिरव्याच्या शेजारी निळा बसवला की सर पक्कड टेबलावर आपटायचे.

*

“जोडी फोडायची नाही,” बिरंजे सर म्हणाले.

त्यांच्या हातात करड्या वायरचा तुकडा होता. वरचं साल काढलेलं आणि आतून चार रंगीत, पिळलेल्या जोड्या बाहेर आलेल्या. खोली सुताच्या गोडाऊनच्या वर होती, पंख्याचा वारा आला की खळीचा वासही यायचा. बाहेरच्या पाटीवर आधी फक्त ‘बिरंजे नेटवर्किंग’ होतं. ‘आणि सायबर सिक्युरिटी’ नंतर, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरांत घुसवलेलं. मी ती बारीक अक्षरं वाचून आले होते. वर्ष दोन हजार आठ.

“आठ तारा म्हणजे चार जोडपी,” सर म्हणाले. “लग्न लागलेली. नारंगीशेजारी नारंगी, हिरव्याशेजारी हिरवी. ह्याची बायको त्याच्याशेजारी बसवली की काय होईल?”

“भांडणं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“सर, आणि घटस्फोट झाला तर?” ही समीना. समीना मोमीन. बॅचमध्ये मुली दोनच, ती आणि मी, म्हणून पहिल्या दिवसापासून एका बाकावर.

“तर वायर बदलायची,” सर म्हणाले. “प्रत्येकाचा पीळ वेगळा असतो, तो हाताला कळला पाहिजे. डोळ्यांनी काय, कोणीपण करतंय.”

मग ते डोळे मिटायचे. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये एकेक जोडी फिरवायचे, वातीसारखी. “हा सगळ्यात घट्ट. रंग कुठला?”

“हिरवा!” आम्ही ओरडायचो.

“हा सगळ्यात सैल?”

“तपकिरी!”

“शाब्बास.” डोळे न उघडता ते आठही तारा ओळीत लावायचे, कनेक्टरमध्ये सारायचे आणि पक्कड दाबायची. कट्. मग दोन टोकांना तपासणीच्या दोन डब्या लावायच्या, त्यावरचे दिवे ओळीने लागायचे, पहिल्यापासून आठव्यापर्यंत, एकही न चुकता. आम्हाला ती जादू वाटायची. सर पूर्वी टेलिफोनच्या ठेकेदाराकडे होते, मग टीव्ही दुरुस्ती, मग हा क्लास. त्यांच्या हातात कला आहे असं सगळं गाव म्हणायचं.

पाठांतरही असायचं. एक आणि दोन पाठवणारी जोडी, तीन आणि सहा घेणारी जोडी. प्रार्थनेसारखं, सुरात. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स होत्या. आकृतीतल्या आठही तारा सारख्याच काळ्या.

“सर, चोर कधी येणार?” मी दर आठवड्याला विचारायचे. मला वायर नको होती, मला हॅकर पकडायचे होते.

“आधी तार, मग चोर.”

“बस मग हॅकरबाई,” समीना माझ्या हातात पक्कड द्यायची. “तोवर लग्नं लाव.”

*

सरांच्या ओळखीची पुण्यात एक कंपनी होती. दुसऱ्यांच्या नेटवर्कवर रात्रंदिवस नजर ठेवायची, हे तिचं काम. दिवाळीनंतर त्यांना शिकाऊ मुलं हवी होती. सर म्हणाले होते, जोडी पाठवतो. पण कंपनीची अट अशी, की मुलांनी कुठेतरी खरं काम केलेलं असावं, नुसतं क्लासमधलं नको.

खरं काम मुरदंडे अण्णांनी दिलं. रस्त्याकडेला त्यांचं ऑफिस, मागे मोकळं आवार, त्याच्या पलीकडे लांबलचक शेड. कुठल्या मागावर किती कापड निघालं ते शेडमधल्या कॉम्प्युटरवर भरायचं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लगेच दिसायचं, एवढंच अण्णांना हवं होतं. कामगारांना ते तितकंसं नको होतं. फळ्यावर खडूने लिहिलेल्या आकड्यावरून वाद घालता येतो.

समीनाचे अब्बा त्याच शेडमध्ये जॉबर होते. बिघडलेला माग चालू करायचा तो जॉबर. त्यामुळे शेडच्या टोकाला समीना बसणार आणि ऑफिसच्या टोकाला मी, हे आपोआप ठरलं.

आम्ही शुक्रवारी वायर टाकली. आवारातून, मग शेडच्या भिंतीने, मागांच्या मोटारींच्या वरून, पार टोकापर्यंत. वायर लांब होती, क्लासमध्ये आम्ही कधी एवढी लांब बघितलीच नव्हती. दोन्ही टोकांची लग्नं सरांनी स्वतः लावली, डोळे मिटून. दिवे लागले, आठही. समीनाने तिकडून हाक मारली, माझ्या कॉम्प्युटरने उत्तर दिलं. अण्णांनी भडंग मागवलं.

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “हे असंच चाललं तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या शेडा तुम्हाला देतो.”

सर भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात राहिले.

*

शनिवार. शेडमधून समीनाचा फोन.

“गेलं?”

“गेलं.”

“आता?”

“आलं. थांब. गेलं.”

“मोठ्यानं बोल की!”

“मागाशेजारी मी बसलोय, तूच बोल मोठ्यानं!”

“परत मार हाक.”

“मारालोय बाई सकाळपासून. दहा मारल्या तर तीन येतात. घसा बसला कॉम्प्युटरचा.”

“सगळं नीट खोचलंयस ना?”

“नाही, लोंबकळत सोडलंय. नीटच खोचलंय की गं... ए, लाइट गेली.”

“इथं पण.”

“शीतले.”

“काय?”

“चालालंय.”

“काय चालालंय?”

“नेट. झ्याक चालालंय. एक पण चुकेना.”

“लाइट गेल्यावर?”

“लाइट गेल्यावर. दोन्ही कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहेत म्हणून कळलं तरी. अंधारात चालणारं नेट काढलं बघ आपण. पेटंट घेऊ.”

मी हसले. तीही हसली. मग लाइट आली, माग सुरू झाले आणि फोनमध्ये दुसरं काही ऐकूच येईना.

*

सर येऊन बघून गेले. दिव्यांच्या डब्या लावल्या, आठही लागले. वायरी जिथे एकत्र जोडतात तो स्विच बदलला. कॉम्प्युटर बदलून बघितला. पुन्हा डब्या लावल्या, पुन्हा आठही लागले. डोकं खाजवत गेले.

नंतर अण्णांचा पुतण्या आला. अभिनंदन. पुण्यात इंजिनिअरिंगला होता, दिवाळीच्या सुट्टीवर आलेला. मुलगा चांगला होता, हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही. त्याने आपला लॅपटॉप ऑफिसातल्या स्विचला लावला, एक प्रोग्रॅम उघडला आणि वायरमधून जाणारं-येणारं सगळं पडद्यावर ओळीओळीने पळायला लागलं. मी हे फक्त ऐकलं होतं. वायरच्या आत बघता येतं! खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारीच बसले.

“हे बघ,” तो म्हणाला. “शेडमधल्या मशीनवरून तेच तेच परत येतंय. तेच. परत तेच. माणूस असं करत नाही.”

“मग?”

“प्रोग्रॅम करतो. काका, कुणीतरी मुद्दाम करतंय. अटॅक आहे हा.”

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. चोर! इतके महिने लग्नं लावल्यावर एकदाचा चोर.

अण्णा उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण पळणाऱ्या ओळी त्यांनी बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, “त्या टोकाला कोण बसतंय?”

अभिनंदनला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं.

“मी म्हणालोच होतो,” अण्णा म्हणाले. “ह्यांना कॉम्प्युटर नकोच आहे. जॉबरची पोरगी बसवली तिथंच चुकलं. सगळ्या शेडनं मिळून तिला पुढं केली असणार.”

“अण्णा, समीना असं करणार नाही.”

“मग मशीन आपोआप करालंय?”

“तसं नाही, पण...”

“पण काय? हा शिकलेला पोरगा सांगालाय. उद्या सकाळी मोमीनला बोलावतो. पोरीला घेऊनच ये म्हणतो. आणि इथं काय बोलायचं ते चारचौघांत बोलू, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल.”

चारचौघांत. गावात नाव निघायला इतकं पुरे होतं. मग समीनाचं पुणं संपलं असतं, क्लास संपला असता, आणि अब्बांची नोकरी राहिली असती की नाही कोण जाणे.

अभिनंदनने लॅपटॉप बंद केला, आपली वायर काढून टेबलावर ठेवली आणि चहाला गेला. पुण्याहून आणलेली, कंपनीची तयार वायर. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी ती उचलली. कनेक्टर पारदर्शक असतो, आतल्या तारा काचेतल्यासारख्या दिसतात. पांढरा-नारंगी, नारंगी. पांढरा-हिरवा. आणि मग निळा.

हिरव्याच्या शेजारी निळा.

कंपनीवाले चुकले, हा माझा पहिला विचार. दुसरं टोक बघितलं. तिथेही तसंच. पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, आणि त्यांच्या पलीकडे, लांब, एकटा हिरवा. मी नखाने मोजलं. पांढरा-हिरवा तिसरा, हिरवा सहावा.

तोंडातून आपोआप सुरात निघालं. तीन आणि सहा घेणारी जोडी.

*

चालू शेडमध्ये बोलता येत नाही. तिथली माणसं ओठ वाचतात, हातांनी बोलतात. समीना लहानपणापासून अब्बांचा डबा घेऊन यायची, तिला हे मराठीइतकंच यायचं. ती टोकाच्या टेबलाशी बसली होती. केसांवर कापसाची बारीक लव. पडद्यावर एररचा आकडा वाढत होता, तिने बोटाने तो दाखवला आणि मग शेजारचा माग दाखवला. माग थांबला की आकडा थांबतो, चालू झाला की चढतो. हे तिचं तिने शोधलं होतं.

मी अभिनंदनची वायर तिच्यापुढे धरली. तीन बोटं दाखवली. मग सहा.

तिने कनेक्टर डोळ्याजवळ नेला. माझ्याकडे बघितलं. दोन बोटं एकमेकांभोवती पिळली, मग उलगडली, आणि एक बोट दुसऱ्या हाताच्या परक्या बोटाशेजारी नेऊन ठेवलं. मी मान हलवली. तिने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे.

हसू थांबल्यावर मी तिच्या कानाला तोंड लावून ऑफिसात काय झालं ते सांगितलं. उद्या सकाळी. अब्बा. चारचौघांत.

ती मग माझ्या कानात म्हणाली, “आणि सरांना कोण सांगणार?”

*

मी सांगितलं. संध्याकाळी क्लास सुटल्यावर. सर खिडकीशी बसून वायरचे तुकडे गोळा करत होते.

“म्हणजे हिरवी जोडी फोडायची,” सगळं ऐकून ते म्हणाले.

“फोडायची नाही, सर. प्लगमध्ये दोघं लांब बसतात, पण जोडी तीच राहते. वायरभर एकमेकांना पिळूनच असतात. बाहेरचा, मोटारींच्या विजेचा कलकलाट दोघांवर सारखाच बसतो, म्हणून तो वजा होतो. आपण शेजारी बसवलं, तेव्हा खरी जोडी फुटली. तीनवर हिरव्यातला एक, सहावर निळ्यातला एक. वजा कशातून होणार? मग वाटेत हरवलेलं मशीन पुन्हा पुन्हा पाठवत बसतं, त्यालाच अभिनंदन अटॅक म्हणाला.”

“दिवे तर आठही लागतात.”

“तार तुटलेली नाही एवढंच दिव्यांना कळतं. कोण कुणाबरोबर आहे ते कळत नाही.”

“आणि इथं क्लासमध्ये इतकी वर्षं?”

“छोट्या वायरला चालून जातं, सर. इथं माग पण नाहीत.”

“चालून जातं,” ते म्हणाले. हातातला एक तुकडा त्यांनी अंगठा आणि बोटात फिरवला. सवयीने डोळे मिटले. “टेलिफोनला असंच बसवतात. शेजारी-शेजारी.” मग डोळे उघडून म्हणाले, “ही गोष्ट आणखी कुणाला सांगितलीस?”

“समीनाला.”

“अण्णांना?”

“नाही.”

खाली गोडाऊनचं शटर कुणीतरी ओढलं. सर उठले, पंखा बंद केला, पुन्हा बसले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात येताना तेच चाललं होतं. शुक्रवारी माग बंद असताना हळूच जायचं, दोन कनेक्टर बदलायचे, आणि वायरच खराब निघाली म्हणायचं. कुणाला काय कळणार?

“शुक्रवारपर्यंत...” मी सुरुवात केली.

“नको,” सर म्हणाले. “गुपचूप बदललं आणि चालू झालं, तर अण्णा म्हणणार, पोरीला दम दिला म्हणून नीट झालं. कायमचं तिच्या नावावर बसेल ते.”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“उद्या किती वाजता बोलावलंय?”

“सकाळी. पहिली पाळी सुरू झाली की.”

“तू घरी जा आता,” सर म्हणाले. “पक्कड इथंच राहू दे. मी आणतो.”

*

सकाळी ऑफिसात अण्णा, अभिनंदन, दोन माग-मालक शेजारी, आणि उंबऱ्याच्या आत जेमतेम आलेले समीनाचे अब्बा. हात ग्रीसने काळे, म्हणून अंगाला न लावता समोर धरलेले. समीना त्यांच्या मागे. अण्णा बोलायला लागणार, एवढ्यात सर आले. इस्त्रीचा शर्ट. हातात पक्कड.

“अण्णा, जरा शेडमध्ये चला,” ते म्हणाले. “सगळेच चला.”

“मास्तर, इथं आधी...”

“इथलं तिथंच कळेल.”

आम्ही सगळे आवार ओलांडून शेडमध्ये गेलो. माग चालू होते. समीनाच्या टेबलाशी सर थांबले, पक्कड तिच्या हातात दिली, एक नवा कनेक्टर दिला.

“तुम्ही नाही लावणार?” तिने हाताने विचारलं.

त्यांनी मान हलवली. तू.

समीनाने जुनं टोक कापून टाकलं. अब्बांच्या डोळ्यांदेखत ती नवं लावायला लागली. पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा. कट्. ऑफिसचं टोक मी पळत जाऊन बदललं आणि पळत परत आले. ती हाक मारायला बसली होती. एक उत्तर. दुसरं. तिसरं. सगळे माग धडधडत होते आणि उत्तरं येत होती, ओळीखाली ओळ, एकही जागा रिकामी नाही. अभिनंदन वाकून बघत राहिला. मग त्याने कापून टाकलेलं जुनं टोक जमिनीवरून उचललं, उजेडाकडे धरलं आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघितलं. मी तीन आणि सहा बोटं दाखवली. त्याचे कान लाल झाले.

“काय झालं होतं?” अण्णा ओरडले.

“क्रम चुकला होता!” सर ओरडले.

“कोण चुकलं?”

“मी!”

“काय?”

“माझी चूक!” सरांनी छातीवर बोट ठेवलं. शेडमध्ये राहणाऱ्याला ते पुरलं असतं, पण अण्णा ऑफिसातले. त्यांनी कानामागे हात धरला. सर आणखी जवळ गेले, आणखी मोठ्याने ओरडले. “पोरीचा काही संबंध नाही! पोरांना मी चुकीचं शिकवलं! मला—”

सकाळी त्या ठरावीक वेळेला रोज लाइट जायची. शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सरांना नव्हतं. माग एकदम थांबले.

“—येतच नव्हतं!”

ते वाक्य थांबलेल्या शेडमध्ये एकटंच उरलं. सगळे कामगार माना वळवून बघत होते. पत्र्यावर कबुतर चालल्याचा आवाज आला.

सरांनी हात खाली घेतला. मग, नेहमीच्या आवाजात, जणू फळ्यासमोर आहेत असं, म्हणाले, “मला येत नव्हतं, अण्णा. ह्या दोघींना आता येतंय.”

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “एवढं मोठ्यानं सांगायची गरज नव्हती.”

कुणीतरी फिसकन हसलं. समीनाच्या अब्बांनी सुती चिंध्यांनी हात पुसले, बोट न बोट पुसलं, आणि सरांपुढे येऊन उभे राहिले. मग मुलीकडे वळले.

“पक्कड दे त्यांची परत,” ते म्हणाले. “आणि पुण्याची तारीख कधी आहे ते विचार.”

*

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. निघालं ते बिरंजेंचं नाव. आमच्या गावात एखादी गोष्ट हळू सांगताच येत नाही. गल्लीतल्या बाकीच्या शेडा कोल्हापूरच्या कुणाकडे गेल्या. पुढच्या बॅचला मुलं आली नाहीत, त्याच्या पुढची बॅच सरांनी काढलीच नाही. पाटी उतरवली तेव्हा बारीक अक्षरांचा रंग मोठ्या अक्षरांपेक्षा ताजा होता.

कंपनीने आम्हाला दोघींनाही घेतलं. वेगवेगळ्या पाळ्यांत. मी बाहेर पडायचे तेव्हा ती आत यायची, दारात दोन मिनिटं भेट व्हायची. त्या दोन मिनिटांत आम्ही इतक्या मोठ्याने बोलायचो की वॉचमनने आमची तक्रार केली होती. आता ती बंगळुरूला असते. फोन दोघींचेही अजून तसेच असतात.

निघायच्या आधी आम्ही सरांना भेटायला गेलो होतो. ते परत टीव्ही दुरुस्तीला बसले होते. पुढ्यात उघडलेला टीव्ही, त्यातल्या बारीक बारीक रंगीत पट्ट्यांच्या भागांचा ढीग. शेजारी त्यांची शाळेतली मुलगी बसून एकेका भागावरचे रंग मोठ्याने वाचून दाखवत होती. आम्हाला वाटलं, पोरीला शिकवतायत.

“आता चोर पकडा,” सर मला म्हणाले. “झालं की नाही तुझ्या मनासारखं?”

“सर, तुम्ही म्हणाला असता टेलिफोनची सवय होती, तर अण्णांनी ऐकलं असतं,” समीना म्हणाली. “येत नव्हतं कशाला म्हणालात?”

“कारण खरंच येत नव्हतं,” सर म्हणाले आणि मुलीकडे वळले. “हं, पुढचा कुठला?”

“नारंगी,” मुलगी म्हणाली.

*

बिरंजे सरांना जन्मापासून नारंगी, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकसारखेच दिसायचे.